सहा की दहा?

"अरे, तिला काय येत नाय. म्हणून तर सांगतो, तिच्याच खिडकीवर जा."

काचेच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी मान खाली घालून मशीनमध्ये कागदाचा नवा रोल बसवत होते. ज्याला हा सल्ला मिळाला तो माणूस शेजारच्या खिडकीपुढची चार जणांची रांग सोडून माझ्या वीस जणांच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. शेजारच्या खिडकीत राणेमॅडम बसल्या होत्या. आमच्या ओळीतल्या सगळ्या खिडक्या त्यांच्या देखरेखीखाली असतात. त्या बावीस वर्षं हे काम करतात आणि त्यांच्या हातून चुकीचं तिकीट गेल्याचं कुणाला आठवत नाही. त्या महिन्यात नेमकं तेच त्यांना नडलं होतं.

मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिकिटं विकते. हे सांगितलं की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघतात. आई घाईघाईने म्हणते, "फक्त रेस असेल त्या दिवशी हं." इतर दिवशी मी परळला एका ऑफिसात विम्याचे फॉर्म तपासते. त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. आमच्या प्रभादेवीच्या वाचनालयातल्या काकू दिवाळी अंकासाठी लिही म्हणून मागे लागल्या, तेव्हा मी म्हटलं, विम्यावर लिहिते. त्या म्हणाल्या, घोड्यांवर लिही.

घोड्यांवर मला लिहिता येणार नाही. पाच सीझन झाले, मी एकही घोडा नीट पाहिलेला नाही. माझ्या खिडकीतून मैदान दिसतच नाही, फक्त माणसं दिसतात. रेस सुरू झाली की मला टापा ऐकू येत नाहीत. आधी पुटपुट ऐकू येते, मग घोड्यांची नावं, मग जॉकीच्या आईवडिलांचा उद्धार, आणि शेवटी एकदम शांतता आणि कागद फाटल्याचा आवाज. तेव्हा मी माणसांवरच लिहीन.

माझ्या खिडकीला टोट म्हणतात. बुकी वेगळा, तो स्वतःच्या हिमतीवर भाव देतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका भांड्यात पडतात. सरकार आणि रेस भरवणारे आपापला वाटा आधीच काढून घेतात. उरलेलं, ज्यांचा घोडा पहिला आला त्यांच्यात वाटलं जातं. ज्या घोड्यावर कमी लोकांनी लावलेत, तो आला तर जास्त मिळतात. म्हणजे तुम्ही खेळता ते घोड्याविरुद्ध नाही, रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध. आणि भांड्यातून वाटा आधीच गेलेला असल्यामुळे सगळे मिळून दर वेळी थोडे हरतातच. एवढं पटलं की रेसला जायला हरकत नाही, असं माझं मत आहे. पण माझं मत कुणी विचारायचं नसतं. पहिल्याच दिवशी राणेमॅडमनी सांगितलं होतं, "खिडकीत बसलेल्या माणसाने घोड्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कितीही विचारलं तरी."

हा नियम ऐकून मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच नोकरी पक्की केली. बसमध्ये "जरा सरकता का" म्हणावं लागू नये म्हणून मी पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे येते. जिथे न बोलण्याचे पैसे मिळतात अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

काम सोपं आहे. गिऱ्हाईक घोड्याचा नंबर सांगतं, घोडा पहिला येणार म्हणून लावायचं असेल तर 'विन', पहिल्या दोघातिघांत येणार असेल तर 'प्लेस', आणि रक्कम. "सहा, विन, शंभर." मी तीन ठिकाणी बोट लावते, तिकीट बाहेर येतं. चूक असेल तर खिडकी सोडण्याआधी सांगायचं, रद्द होतं. घोडे सुटले की मशीन बंद. माझ्या डोक्यावर तीन भाषांत पाटी आहे, 'तिकीट तपासून घ्यावे'. ती पाटी वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

अडचण एकच होती. मला मराठी आकडे येत नव्हते.

आमच्याकडे बोलणं मराठी, पण मी दादरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आईने भाजीवाल्याला एकोणसाठ रुपये सांगितले की मी मनात साठातून एक वजा करून घ्यायचे, आणि तरी ते एकोणसत्तर तर नव्हेत ना अशी धाकधूक असायची. रेसमध्ये घोडे पंधरा-वीसच्या वर नसतात, त्यामुळे नंबर निभले. मी अडकले रकमेत. पहिल्याच रविवारी एकाने "अडीचशे" म्हटलं आणि मी साडेतीनशे दाबले. मधल्या सुट्टीत मी राणेमॅडमना विचारलं, "साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेदोन का नसतं?"

त्यांनी डब्यातलं थालीपीठ खाली ठेवलं. "अगं, तू मराठीच ना?"

पुढे मी दीड, अडीच, पावणेदोन पाठ केलं. रोज रात्री जेवताना आई मला भाव सांगायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. पण सहा आणि दहा या दोन शब्दांवर पाठांतराचा उपाय नाही. काचेतून, गर्दीत, तोंडात सुपारी असलेल्या माणसाने म्हटलेले सहा आणि दहा यांत काहीही फरक नसतो. तुम्ही करून बघा.

चुका व्हायच्या. बऱ्याच जणांच्या लगेच लक्षात यायचं, मी रद्द करून द्यायचे. काहींच्या लक्षात यायचं नाही. माझ्या यायचं, पण दोन माणसांनंतर. अरे, तो मघाचा सहा म्हणाला की काय! तोवर तो गर्दीत गेलेला असायचा. मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे, कितवी रेस, तो काय म्हणाला असावा, मी काय दाबलं. मग निकाल लागेपर्यंत माझं लक्ष काचेकडे. त्याने मागितलेला घोडा आला तर तो माणूस माझी काच फोडेल, असं वाटायचं. माझं नशीब असं, की मागितलेलाही यायचा नाही आणि मी दिलेलाही यायचा नाही. हरलेलं तिकीट कुणी वाचत नाही, फाडून टाकतात. कुणी परत आलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही.

आता परबकाका.

परबकाका लालबागचे, माझगावच्या गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर कायम फ्रान्सिस अंकल. तेही गोदीतलेच, राहायला माझगावात चर्चच्या मागच्या गल्लीत. दोघं चाळीस वर्षं एकाच बाकावर डबा खात आले होते आणि आता एकाच कठड्याला टेकून रेस बघायचे. फ्रान्सिस अंकल कधी लावत नसत. ते परबकाकांना घरी न्यायला येत, असं ते म्हणत. काका म्हणत, तो चहाला येतो.

मला रेसचं जे काही शहाणपण आहे ते परबकाकांनी दिलेलं. ते येताना खिशात ठरावीक पैसे आणत. त्याला ते 'नाटकाचे पैसे' म्हणत. एका नाटकाला दोघांना जेवढे लागतील तेवढेच, त्याहून एक रुपया जास्त नाही. बसचे सुटे दुसऱ्या खिशात.

"बाय, मी हरूक येतंय हय," ते मला एकदा म्हणाले. "नाटकाला जाऊन पैसे परत मागतो काय आपण? तीन तास बघितलं, टाळ्या वाजवल्या, घरी गेलो. तसाच हा. चवीने हरायचा."

"आणि जिंकलात तर?" मी विचारलं. त्या दिवशी रांग नव्हती म्हणून धीर झाला.

"तर सुरमई. नायतर बांगडो. उपाशी कोण राहत नाय."

तीनच रेस खेळायच्या. हरलेल्या घोड्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. दुसऱ्याचा घोडा आला तर त्याचं अभिनंदन करायचं आणि त्याच्याकडून चहा प्यायचा. हरल्यावर ते "नाटक पडलं" म्हणत आणि तिकिटाचे चार नीट तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकत. जमिनीवर टाकत नसत. मी पुष्कळ माणसं बघितली, पण इतकं छान हरणारा माणूस दुसरा नाही.

त्यांना वरची कवळी होती आणि ती त्यांना लागायची. डबा खाऊन झाला की ती रुमालात आणि रुमाल खिशात.

मागच्या सीझनमधला एक रविवार. पाचवी रेस. काका खिडकीशी आले आणि म्हणाले, "हहा, विन."

मला दहा ऐकू आलं. मी दहा दाबलं. ते तिकीट घेऊन गेले.

पुढचं फ्रान्सिस अंकलनी नंतर सांगितलं. सहा नंबर चौथा आला. काका म्हणाले, "नाटक पडलं," आणि तिकीट फाडायला घेतलं. तेवढ्यात अंकलना मासळीवालीचा फोन नंबर लिहून घ्यायला कागद हवा होता. त्यांनी तिकीट काढून घेतलं, उलटं केलं, लिहिलं, आणि सुलटं केलं.

"परब, तू कुठला घोडा लावला?"

"हहा."

"हे दहा आहे."

"हहाच म्हटलं मी!"

"अरे बाबा, दात घाल आणि बोल! दहा आलाय! दहा फर्स्ट आलाय!"

दहा नंबरवर त्या दिवशी कुणीही लावलं नव्हतं. मालकाच्या घरच्यांनी तरी लावलं होतं की नाही शंका आहे. किती मिळाले ते इथे लिहीत नाही, घरी परबकाकूंना अजून पूर्ण आकडा माहीत नाही.

दोघं धावत माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, संपलं. मी आयुष्यात पहिल्यांदा रांगेसमोर आपणहून तोंड उघडलं, "सॉरी काका, माझी चूक झाली."

"चूक?" काकांनी कवळी बसवली आणि मागे वळून सगळ्या रांगेला सांगितलं, "गुण असा पोरीच्या हाताक! गुण!"

आमच्याकडे डॉक्टरच्या हाताला गुण असतो, झाडं लावणाऱ्याच्या हाताला असतो, लोणचं घालणारीच्या असतो. टोटच्या मशीनवर बोट ठेवणारीच्या हाताला गुण असल्याची ही पहिलीच वेळ असावी. पुढच्या रविवारी माझ्यासमोर वीस माणसं होती.

आणि ती नीट बोलत नव्हती.

हे माझ्या लक्षात यायला दोन रेस जाव्या लागल्या. गुण माझ्या हाताला नव्हता, माझ्या चुकीला होता. माझ्याकडून बरोबर तिकीट घेऊन काही उपयोग नाही, ते राणेमॅडमही देतात. चुकीचं मिळालं पाहिजे. मग माणसं तोंडावर रुमाल धरून बोलू लागली. एकाने पानाचा तोबरा भरून दोन बोटं वर केली आणि नंतर तीन. एक जण पाठ करून उभा राहिला आणि भिंतीला नंबर सांगितला. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी नुसतं "हा" म्हटलं.

"सहा की दहा?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून चालत नाही. सिक्स की टेन?"

ते एकदम खवळले. "इंग्लिशमध्ये कशाला विचारलंस? घालवलंस ना सगळं!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमला टेन्शन देऊ नका रे, मग बरोबर देते ती."

खिडकीच्या चौकटीला कुणीतरी हळदकुंकू लावून गेलं. एकाने पेढे दिले. मी घाबरून राणेमॅडमकडे सरकवले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, "बावीस वर्षं बरोबर तिकिटं दिली. साधी खडीसाखर कुणी आणली नाही."

या सगळ्या गोंधळात शहाणी राहिली ती फक्त गिरगावची एक आजी. ती जॉकीच्या सदऱ्याचा रंग बघून लावते. "तो आमसुली किती नंबरला आहे गं? त्याच्यावर वीस." तिला मी विचारलं, आजी, तुम्ही नाही का पुटपुटत? ती म्हणाली, "मला आमसुलीच हवाय. तू चुकून हिरवा दिलास तर मी काय करू?"

मी हे थांबवू शकले असते. माझ्या डायरीत मागच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. परबकाकांचं तिकीट ही माझी पहिली चूक नव्हती आणि शेवटचीही नव्हती. बाकीच्या चुकांनी कुणाचं भलं केलं नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे राणेमॅडमसमोर कबूल करायचं, की मी चुकीची तिकिटं दिली आणि गप्प राहिले. पुढच्या सीझनला मला कोण बोलावणार? आणि आणखी एक. खरं सांगते, मला आवडत होतं. शाळेत मी कायम शेवटच्या बाकावर, ऑफिसात माझं नाव अजून दोघं जण चुकीचं घेतात. इथे वीस माणसं माझ्यासाठी उन्हात उभी होती. दोन महिने मी गप्प बसले आणि त्याला नियम असं नाव दिलं.

खिडकीतून माणूस बिघडताना दिसतो. आधी तो घड्याळ बघायचं सोडतो. मग जेवायचं काय ते सांगेनासा होतो. "हरलो" म्हणणारा माणूस बरा असतो, तो "मला हरवलं" म्हणायला लागला की समजावं. मी हे अनोळखी लोकांत शंभरदा पाहिलं होतं. परबकाकांमध्ये पाहिलं तेव्हा मी रोल बदलायच्या निमित्ताने खाली वाकले.

ते तीनच्या ऐवजी सगळ्या रेस खेळू लागले. खिडकीशी येण्याआधी ते मुद्दाम कवळी काढून रुमालात ठेवत, देवळाबाहेर चप्पल काढावी तशी. "हहा" म्हणत आणि माझ्या बोटाकडे बघत राहत. मी बरोबर ऐकलं की त्यांचा चेहरा पडे. हरलेल्या घोड्यांची नावं आता त्यांना पाठ होती, तारखांसकट. सुरमईचा विषय बंद झाला. बांगड्याचाही. तिकिटाचे तुकडे जमिनीवर पडू लागले.

"परब, चल, चहा घेऊ," फ्रान्सिस अंकल म्हणत.

"तू घे. तुका काय, तू बघ्या."

चाळीस वर्षांत काकांनी त्यांना असं कधी म्हटलं नसावं, कारण अंकल तिथेच उभे राहिले आणि त्यांनी चहा घेतला नाही.

सीझनचा शेवटचा रविवार. उन्हाने माणसं वैतागलेली. चौथी रेस झाल्यावर फ्रान्सिस अंकल एकटेच माझ्या खिडकीशी आले. रांग मोडून आले म्हणून मागची माणसं ओरडली, तर त्यांनी नुसता हात वर केला.

"बेटा, त्याच्याकडे कट्ट्याचे पैसे आहेत."

लालबागच्या त्यांच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचा एक कट्टा आहे. अठरा जण. मे महिन्यात सगळे मिळून बसने गणपतीपुळ्याला जाणार होते. पैसे परबकाकांकडे जमा, कारण पैशाच्या बाबतीत त्यांच्याइतका सरळ माणूस कट्ट्यावर नव्हता.

"साध्या बसचे आहेत," अंकल म्हणाले. "तो बोलतो, एसी बस करतो सगळ्यांना. तुझ्या हातून एकदा चुकीचं तिकीट मिळालं की एसी. माझं ऐकत नाय. तू बोल ना काहीतरी. तुझं ऐकेल."

"अंकल, आम्हाला बोलायला परवानगी नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. गोदीत माणसं ज्या नजरेने गंजलेली पट्टी बघत असतील तशा नजरेने. मग बाजूला झाले.

परबकाका रांगेत सातवे होते. हातात मिठाईच्या दुकानाची लाल पिशवी, छातीशी धरलेली. माझ्या मागे राणेमॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्या सगळ्या खिडक्यांवर चक्कर मारतात. मी सहा जणांना तिकिटं दिली. एकही चुकली नाही. माझे कान त्या दिवशी इतके साफ होते, की पाचव्या माणसाच्या पोटातली गुरगुर मला ऐकू आली.

काका आले. रुमाल काढला, कवळी काढली, गुंडाळली. पिशवीची गाठ सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. अठरा म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी, बहुधा काकूंनीच, ती घट्ट मारून दिली होती.

"हहा," ते म्हणाले. "विन. हगळे."

यातला सहा मला स्वच्छ ऐकू आला. सगळे हेही ऐकू आलं. माझं बोट मशीनवर होतं आणि काकांची नजर माझ्या बोटावर. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आता चुका, आता!" आणि रांग हसली.

मी बोट उचललं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. काकांनी कवळी घातली, पिशवीची अर्धवट सुटलेली गाठ परत मारली आणि रांगेतून बाहेर पडले. फ्रान्सिस अंकल त्यांना चहाला घेऊन गेले. मेमध्ये साधी बस गणपतीपुळ्याला गेली. अंकलनी फोटो पाठवला. अठरा जण, डोक्यावर ओले रुमाल, सगळे घामाने निथळलेले, आणि पुढच्या सीटवर परबकाका सगळ्या दातांनी हसत. माझी रांग त्याच दिवशी, त्याच क्षणी मोडली. पाच मिनिटांत सगळे राणेमॅडमकडे गेले होते. परबकाका या सीझनला परत आले, नाटकाचे पैसे घेऊन, तीन रेससाठी. तेही राणेमॅडमच्याच खिडकीवर जातात. जाताना मला हात करतात, सुरमई असेल तर मासा दाखवल्यासारखा आडवा. मला वाईट वाटतं, पण रांगेत उभं राहून कुणी माझ्याकडे यावं असं मी काही केलेलं नाही.

राणेमॅडमनी मला आत बोलावलं. डायरी मागितली. मागचं पान दोनदा वाचलं. दोन रविवारांचे माझे पैसे कापले, आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "नियम मात्र मोडला नाहीस. घोड्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस."

मी काय बोलले याच्या आता चार-पाच आवृत्त्या फिरतात. एकीत मी काचेवर हात आपटते. एकीत मी रडते. फ्रान्सिस अंकलच्या आवृत्तीत मी मालवणीत बोलते, जी मला येत नाही. आईला वाटतं, मी इंग्रजीत बोलले असणार. तर तसं नाही. मी मराठीत बोलले, आकड्यांसकट, आणि आवाज माझा मलाच अनोळखी वाटण्याइतका मोठा होता. मी म्हणाले,

"काका, माझ्या हाताला गुण नाही. या सीझनला माझ्याकडून अकरा तिकिटं चुकीची गेली. मी लिहून ठेवलीत. त्यातली दहा हरली. ती कुणी वाचली नाहीत, आणि मला ही खिडकी सोडायची नव्हती म्हणून मीही गप्प बसले. एक जिंकलं, ते तुमचं. आता मला सहा स्पष्ट ऐकू आलंय. तुम्ही म्हणाल तर सहाच देईन, चुकणार नाही. पण आधी दात घाला, आणि हे पैसे कुणाचे आहेत ते मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा."